कोर्टाची माती

मेलेल्या माणसाचा शब्द पवित्र असतो. याबद्दल गावात कधीच दुमत नव्हतं. पैलवान गेल्यावर आठव्या दिवशी त्याच्या अंगणात बसून लोक अर्धा तास एकमेकांना तेच सांगत होते. मग कौलवाल्याने काखेतलं फडकं सोडून पैलवानाचा शब्द बाहेर काढला. तो शब्द सव्वा किलो वजनाचा, वीतभर रुंद, भाजून तांबडा झालेला आहे हे पाहिल्यावर प्रत्येकाला घरची कामं आठवायला लागली.

पैलवानाने मृत्युपत्र कौलावर केलं होतं. त्याच्या दृष्टीने त्यात विक्षिप्त काही नव्हतं. बापाचे जमिनीचे कागद वाळवीने खाल्ले होते, आणि लष्करात निवड न झाल्याच्या त्याच्या कागदाने त्याच्या बायकोने चूल पेटवली होती. कागदावर त्याचा विश्वास नव्हता. कौलावर होता, कारण तीस वर्षं तो कौलं विकत होता आणि खराब निघालं म्हणून परत आलेलं एकही कौल त्याने कधी मान्य केलं नव्हतं. उमेदीत तो एकच कुस्ती खेळला होता आणि ती हरला होता. तेव्हापासून लोक त्याला पैलवान म्हणत. अंगठा मात्र खरोखर पैलवानाचा होता, पेरूएवढा.

ओढ्याकडचं मातीचं रान पैलवानाचं आणि हात कौलवाल्याचे, असा दोघांचा तीस वर्षांचा संसार. पैलवान बांधावर बसून बोलायचा, कौलवाला आणि त्याची बायको माती तुडवायची, साच्यात भरायची, वाळवायची, भाजायची. पैलवानाला मूलबाळ नव्हतं, बायको आधीच गेली होती. गेल्या उन्हाळ्यात छातीत कळ आली तेव्हा तो घाबरला आणि कौलवाल्याच्या अंगणात येऊन म्हणाला, "एक ओलं कौल आण. मला लिहायचंय." लिहिता येत नव्हतं म्हणून टपाल द्यायला आलेल्या पोस्टमनने बांबूच्या काडीने लिहिलं. खाली पैलवानाने अंगठा दाबला. दाढी करायला आलेल्या न्हाव्याने साक्षीदार म्हणून दाबला. पोस्टमनला सही येत होती, पण सगळ्यांनी अंगठा दिल्यावर आपणच सही केली तर शिष्टपणा दिसेल म्हणून त्यानेही अंगठाच दाबला. आठ दिवस सावलीत वाळवून कौलवाल्याने ते भट्टीच्या मधल्या थरात भाजलं. आच तिथे सगळीकडून सारखी लागते.

पैलवानाचा पुतण्या म्हणजे मास्तर. तो शाळेत इतिहास आणि व्यायाम शिकवायचा, दोन्ही खुर्चीत बसून. त्याने कौल उन्हात धरलं.

"घर पुतण्याला," त्याने वाचलं आणि मान डोलावली. "काका सरळ माणूस होता."

मग त्याने खालची ओळ वाचली, मनात. कौल उलटं केलं, मागे काही दुरुस्ती आहे का पाहिलं. मागे फक्त साच्याच्या रेघा होत्या.

"मोठ्यानं वाचा की," न्हावी म्हणाला.

"ओढ्याकडचं मातीचं रान कौलवाल्याला," मास्तर म्हणाला. "हे अक्षर काकाचं नाही."

"माझं आहे," पोस्टमन म्हणाला. "त्यांना कुठं लिहिता येत होतं?"

"मग वरची ओळ कुणाची?"

"तीपण माझीच."

"वरची बरोबर वाटते," मास्तर म्हणाला. "खालची संशयास्पद आहे."

कौलवाल्याने कौल परत घेऊन फडक्यात बांधलं. त्याला बोलायची सवय नव्हती. ते खातं तीस वर्षं पैलवानाकडे होतं.

मास्तरने दावा लावला. कौलवाला तालुक्याला वकिलाकडे गेला. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर लाकडी जिना होता, वर एक खोली, खोलीत पंखा, पंख्याखाली वकील आणि वकिलाच्या पायाशी फायलींत गठ्ठा बांधून ठेवलेले इतरांचे संसार. वकिलाने कौल हातात घेऊन टिचकी मारली. खणखणीत वाजलं.

"तुम्ही लाभार्थी आहात," वकील म्हणाला.

कौलवाल्याला आजपर्यंत लोकांनी बरंच काही म्हटलं होतं, पण एवढं मोठं कुणी म्हटलं नव्हतं. तो बाकावर जरा मागे सरून बसला.

"लाभार्थ्याला हक्क असतात. मृत्युपत्राची नक्कल मागायचा हक्क. कोर्टापुढे आपलं म्हणणं मांडायचा हक्क. मालमत्तेची कुणी नासधूस करत असेल तर ती थांबवा म्हणून अर्ज करायचा हक्क. निकाल बाजूने लागला की ताबा मागायचा हक्क."

"आणि माती काढायचा?"

"तो नाही. अजून नाही."

"मग बाकीच्या हक्कांचं काय करायचं?"

"ते आहेत एवढं लक्षात ठेवायचं," वकील म्हणाला. "आता कोर्ट सांगेल, रान आहे तसं राहू द्या. तुम्ही तिथे पाय ठेवायचा नाही. मास्तरनेही ठेवायचा नाही. ठेवलात तर कोर्टाचा अपमान."

"आणि गावानं?"

"गाव दाव्यात नाही," वकील म्हणाला आणि कौल कपाटात ठेवून कुलूप लावलं.

पंधरा दिवसांत रानाच्या मधोमध एक पाटी उभी राहिली. *वादग्रस्त. प्रवेश बंद.* गावाने पाटी नीट वाचली. मालक कोण ते ठरलेलं नाही, म्हणजे विचारणारं कुणी नाही, एवढा अर्थ पहिल्याच शब्दात निघत होता. दुसऱ्या दोन शब्दांपर्यंत जायची कुणाला गरज पडली नाही.

हे सगळं नेमकं हंगामाच्या तोंडावर. पाऊस यायला तीन महिने होते, आणि या तीन महिन्यांतच लोक घरावरची फुटकी कौलं बदलतात. कौलवाल्याकडे भट्टी होती, साचे होते, चार माणसांची कामं करणारी बायको होती, माती नव्हती. मग दोघं पहाटे उठून तासभराच्या वाटेवरच्या तळ्यातून माती आणायला लागली. तळं आटत आलं होतं आणि माती रेताड होती. डोक्यावर घमेलं, घमेल्यातून पाठीवर ओघळणारं गढूळ पाणी, मानेला रग. अंगणात आणून पाणी शिंपडायचं, राख मिसळायची, मग कौलवाला लुंगी खोचून तुडवायला उभा राहायचा. रेतीने त्याच्या टाचांच्या भेगा सोलून निघाल्या. बायको साच्यात गोळा आपटायची, लाकडी थापीने बसवायची, ओल्या अंगठ्याने कडा गुळगुळीत करायची. तिसऱ्या दिवशी शंभर कौलं उन्हात मांडली. संध्याकाळी त्यातली साठ चिरली होती. रेताड माती उन्हात टिकत नाही.

लोक येता-जाता थांबायचे.

"काय लाभार्थी, कौलं कधी?"

"होतील."

"सावकाश होऊ द्या. तुमचं काय, आता रानच मिळणार." आणि हसत जायचे. पदवी गावात पसरली होती. बायको विहिरीवर गेली की बाया म्हणायच्या, "सरका गं, लाभार्थीणबाई आल्या." ती घागर भरून आणायची आणि दारात जरा जोराने आपटायची. बाकी काही नाही.

मग एके दिवशी सकाळी तिचा धाकटा भाऊ बैलगाडी घेऊन आला. गाडीत काठोकाठ माती.

"दाजी, तुमची ओढाताण बघवेना," मेहुणा म्हणाला. "म्हटलं, चांगली माती मिळतेय तर टाकावी एक खेप."

"कुठून आणलीस रे?" बहिणीने विचारलं.

"लांबून."

"किती लांबून?"

"ताई, चहा टाकतेस का?"

माती अंगणात पडली. कौलवाल्याने पाणी शिंपडलं आणि पाय घातला. दुसऱ्याच पावलाला त्याला कळलं. तीस वर्षं जी माती रोज पायाखाली घातली ती पायाला कळायला डोळे लागत नाहीत. बोटांच्या बेचक्यांत ती थंड लोण्यासारखी वर आली, पाय उचलला की हलकेच सुटली, खाली खडा नाही, रेती नाही. ओढ्याकडच्या रानातली, कमरेएवढ्या खोलीवरची. तो थांबला. बायको त्याच्याकडे बघत होती. तिचा हात आधीच मातीत होता.

"अहो," ती हळूच म्हणाली, "ही आपली माती."

"आपली कशी?" कौलवाला म्हणाला. "अजून निकाल लागायचाय."

आणि तो तुडवायला लागला. खरं तर त्याला आनंद झाला होता. टाचा दुखायच्या थांबल्या होत्या. पण लाभार्थ्याने चोरीची माती तुडवताना आनंदी दिसू नये एवढं त्याला कळत होतं, म्हणून त्याने भुवया आवळून धरल्या. मेहुणा चहा पिऊन गेला. दोन दिवसांनी दुसरी खेप आली, मग तिसरी. एकही कौल चिरलं नाही. चौथ्या खेपेला मेहुण्याने विचारलं, "कशी आहे माती?" कौलवाला म्हणाला, "बरी आहे." यापलीकडे दोघांनी तो विषय कधी काढला नाही. घरातला सभ्यपणा अशा वेळी उपयोगी पडतो.

पण एकटा मेहुणाच गाड्या भरत नव्हता. रस्त्याने रोज पाच-सात गाड्या जात. कुणाला भिंत लिंपायची होती, कुणाला ओटा बांधायचा होता, वीटभट्टीवाल्याला विटा पाडायच्या होत्या. गावात मातीला नावच पडलं, कोर्टाची माती. "कोर्टाची आणा, तिला भेग पडत नाही," असं लोक एकमेकांना सुचवत. गेल्या साली याच मातीसाठी पैलवानाकडे यायचं म्हणजे तासभर त्याची बडबड ऐकावी लागे. न्यायसंस्थेने तो त्रास वाचवला होता.

"एकदा रान बघून तरी या," बायको म्हणाली. "काय उरलंय ते."

"मला पाय ठेवायची बंदी आहे."

"पायानं बघता का? रस्त्यावरून डोळ्यानं बघा."

"रस्त्यावरून काही दिसत नाही. कुंपण दाट आहे."

"वाकून बघा."

"लाभार्थ्यानं कुंपणाला डोळा लावून वाकणं बरं दिसत नाही."

"मग वकिलाला सांगा. नासधूस थांबवा म्हणायचा तुम्हाला हक्क आहे म्हणाला होता ना?"

तो हक्क कौलवाल्याला पाठ होता. पण अर्जात लिहावं लागलं असतं कोण माती नेतंय, आणि यादी मेहुण्यापासून सुरू झाली असती. कोर्टाने माती कुठे टाकली विचारलं असतं, तर बोट अंगणाकडे आलं असतं. त्याने हा विचार दोन दिवस केला आणि मग ठरवलं की कोर्टात प्रकरण असताना दुसऱ्या गोष्टींनी कोर्टाला त्रास देणं योग्य नाही.

साक्षीपुराव्याची तारीख लागली. कोर्टाच्या खोलीत दोन बाक, उंच टेबल, टेबलावर ते कौल. अंगठ्यांच्या तज्ज्ञाने अहवाल दिला होता. तज्ज्ञाने पैलवानाचा अंगठा एका जुन्या सरकारी कागदावरून मिळवून कौलावरच्या ठशाशी ताडून पाहिला होता. कारकुनाने वाचून दाखवलं: रेषांची वळणं साधारण सारखी वाटतात, मात्र रेषा पुसट, माप जुळत नाही, कौलावरचा ठसा बराच लहान, सबब तो मृताचा नसून एखाद्या स्त्रीचा असावा.

खोलीतल्या सगळ्या माना कौलवाल्याच्या बायकोकडे वळल्या. मास्तरने खिशातून रुमाल काढून डोळे पुसले. पाणी आलेलं नव्हतं, पण रुमाल स्वच्छ होता.

न्हाव्याला उभं केलं. तो कौलवाल्याच्या बाजूचा साक्षीदार.

"या कौलावर तुम्ही अंगठा दिला होता?" वकिलाने विचारलं.

"दिला होता."

"हाच का तो?"

न्हाव्याने कौल जवळ ओढलं आणि आपला अंगठा ठशावर ठेवून पाहिला. मग पुन्हा ठेवला, जरा तिरका करून.

"हा माझा नाही."

"नीट बघा."

"बघा की साहेब, सगळीकडून बाहेर येतोय. मी अंगठा दिला हे खरं आहे. पण तो एवढा होता." त्याने आपला अंगठा वर करून जज्जसाहेबांना दाखवला. जज्जसाहेबांनी तो पाहिला.

पोस्टमनला बोलावलं. पोस्टमन सरकारी नोकर, विचार करून बोलणारा. त्यानेही अंगठा ठेवून पाहिला. "अक्षर माझं आहे," तो म्हणाला. "ठसा माझ्यासारखा आहे. पण मला घट्ट होतोय."

दोघंही खोटं बोलत नव्हते. गावात जन्मभर कौलांखाली राहिलेली ही दोन माणसं आपल्या अंगठ्याशी प्रामाणिक होती. कौलवाल्याच्या वकिलाने कपाळावर हात मारला. मास्तरच्या वकिलाने उठून सांगितलं की ठसे बनावट असतील तर हे नुसतं दिवाणी प्रकरण राहत नाही, पोलिसांना कळवावं लागेल. आणि घरातल्या बाईचा अंगठा आत्ताच घ्यावा.

तिला पुढे बोलावलं. कारकुनाने तिचा अंगठा शाईच्या पट्टीवर दाबला, कागदावर दाबला. कागदावर काळा गोल ठिपका उमटला. त्याने पुन्हा घेतला. पुन्हा ठिपका.

"बाई, नीट दाबा."

"दाबतेय की."

"लोळवा. असा. डावीकडून उजवीकडे." त्याने तिचा हात धरून पिरगाळला. चौथ्यांदाही ठिपकाच आला. कारकुनाने तिचा अंगठा उजेडात धरून पाहिला. तो बरणीच्या काचेसारखा गुळगुळीत होता. "रेषा कुठं गेल्या?"

"कौलांवर गेल्या असतील," ती म्हणाली. "तीस वर्षं कडा घासतेय."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. बाकावर बसलेल्या तज्ज्ञाने उठून ठिपका मोजला. माप कौलावरच्या पैलवानाच्या ठशाशी तंतोतंत जुळलं.

आता रान राहिलं बाजूला, घरातली बाई तुरुंगात जायची वेळ आली. कौलवाला उभा राहिला. तोंड उघडलं. आतून काही आलं नाही. त्याने पुन्हा मिटलं आणि तो खाली बसला. ती अजून टेबलाशीच होती, शाईचा अंगठा लुगड्याला लागू नये म्हणून हात लांब धरून.

"साहेब," ती म्हणाली, "ओलं कौल आणि भाजलेलं कौल एका मापाचं असतं का कुठं?"

"म्हणजे?" जज्जसाहेब म्हणाले.

"आटतं की. हातभर लांबीचं कौल हवं तर साचा दोन बोटं मोठा धरावा लागतो. वाळताना आटतं, भाजताना आटतं. माती आटली तर तिच्यावरचा अंगठा काय तेवढाच राहणार? न्हावीदादांचा आटला, टपालवाल्यांचा आटला, पैलवानभावजींचा आटला. तिघांचे मोजून बघा. सारखेच आटले असतील."

खोलीत शांतता पसरली. शिकलेल्या माणसांना लाज वाटली की ती आधी शांतता म्हणून दिसते. मग कौलवाल्याचा वकील उठून म्हणाला, "मी आता याच मुद्द्यावर येणार होतो."

 हे कौलवाल्याला तीस वर्षं माहीत होतं. झोपेत विचारलं तरी साच्याचं माप सांगितलं असतं. पण अहवाल ऐकताना त्याला वाटलं होतं, तज्ज्ञ शिकलेला आहे, त्याने आटणं धरलंच असेल. धरूनसुद्धा लहान भरला असेल. घरी जाताना तो बायकोला म्हणाला, "मीपण तेच सांगणार होतो." ती म्हणाली, "दिसत होतं."

कोर्टाने हुकूम दिला: त्याच रानातली एक घमेलं माती काढावी, तिचं कौल करून न्हावी आणि पोस्टमन यांचे अंगठे घ्यावेत, भाजून माप बघावं. रानात लाभार्थ्याला बंदी असल्याने माती बेलीफने स्वतः काढावी.

बेलीफ स्कूटरवरून आला. पायात बूट, हातात शिक्क्याची पेटी. खणायला काहीच आणलं नव्हतं म्हणून कुदळ आणि घमेलं कौलवाल्याने दिलं. कौलवाला रस्त्यावर कुंपणाबाहेर उभा राहिला, बेलीफ आत गेला. कुदळीचा आवाज आला नाही.

"साहेब, वरची नको," कौलवाला कुंपणावरून ओरडला. "कमरेएवढं खाली जा, तिथली घ्या."

"खाली कुठे?" आवाज जरा लांबून आला. "इथे सगळं खालीच आहे."

"वरून मोजा."

"वर कुठाय?"

सरकारी माणसाला शेतीतलं काय कळणार, असं मनात म्हणून कौलवाल्याने नाद सोडला. बऱ्याच वेळाने बेलीफ चारी अंगांनी मळून वर आला. त्याचं डोकं आधी दिसलं, मग खांदे, मग घमेलं. "पाटीच्या बुडाशी तेवढी होती," तो धापा टाकत म्हणाला. "पाटी कोर्टाची आहे म्हणून कुणी तिच्याखालची खणली नसावी. खांब होऊन उभी आहे."

घरी येऊन घमेल्यातली माती पोत्यात भरून लाखेचा शिक्का मारायचा होता. अंगणात मेहुण्याने टाकलेला ढीग होता, सहा गाड्यांचा. बायकोने सकाळीच त्याच्यावर गोणपाटं अंथरली होती. बेलीफला खुर्ची द्यायला कौलवाला आत गेला, तोपर्यंत बेलीफ ढिगावरच बसला होता.

"असू द्या," तो म्हणाला. "बसायला झकास आहे. खालून गार लागतं."

कौलवाल्याने खुर्ची पुन्हा आत नेऊन ठेवली. बायकोने बेलीफला पाणी दिलं. बेलीफने ढिगावर मांडी घालून, घमेलंभर मातीच्या पोत्याला तीन शिक्के मारले आणि पंचनामा लिहिला की सदर माती अन्य कोणत्याही मातीत मिसळू दिलेली नाही.

कौल झालं. न्हाव्याने अंगठा दाबला, पोस्टमनने दाबला, बेलीफला राहवेना म्हणून त्यानेही एका कोपऱ्यात दाबला. ते कोर्टाच्या कपाटात वाळलं, बेलीफच्या देखरेखीखाली भट्टीत भाजलं आणि जज्जसाहेबांच्या टेबलावर आलं. न्हाव्याने आपल्या ठशावर अंगठा ठेवला. सगळीकडून बाहेर आला. तो बराच वेळ कधी कौलाकडे, कधी अंगठ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे तेव्हाचाही माझाच." तज्ज्ञाने दुसरा अहवाल दिला. पहिल्यात त्याची काही चूक झाली होती असं त्यात कुठेच नव्हतं. फक्त ठसा पुरुषाचा, भाजलेला, असं होतं.

पैलवानाचं मृत्युपत्र खरं ठरलं. रान कौलवाल्याचं झालं.

मास्तर अपील करेल म्हणून कौलवाल्याने महिनाभर श्वास रोखून धरला. मास्तरने केलं नाही. तो आपल्या नव्या घराच्या ओट्यावर बसून लोकांना सांगायचा, "कोर्टानं सांगितलं, काकाचा शब्द खरा. आता काकाच्या शब्दापुढे मी कोण?" ओटा हातभर उंच होता. वर चार खोल्या उठल्या होत्या, विटा पक्क्या, रंग एकसारखा तांबूस. मास्तरचे शब्द ऐकून कौलवाल्याचे डोळे भरून आले.

"मोठ्या मनाचा निघाला," तो बायकोला म्हणाला.

"घर केवढं मोठं निघालं ते बघितलंत का?" ती म्हणाली. "विटा कुठल्या मातीच्या आहेत?"

"तू ना," कौलवाला म्हणाला, "जिंकल्यावरसुद्धा कुणाचं बरं बघू शकत नाहीस."

ताब्याच्या दिवशी त्याने धुतलेला सदरा घातला. दीड वर्षात त्याने त्या रानात पाय ठेवला नव्हता, आणि याचा त्याला अभिमान होता. रस्त्यात भेटेल त्याला त्याने ते सांगितलं. वकील आला, कारण लाभार्थ्याच्या ताब्याला वकिलाने हजर राहायचं असतं. बेलीफ आला. मोजणीदार साखळी आणि फीत घेऊन आला. न्हावी आणि पोस्टमन बघायला आले. मेहुणा आला नाही. त्याला गाडीचं चाक बदलायचं होतं. बायको सगळ्यांच्या मागून चालत होती.

बेलीफने कुंपणाचं फाटक उघडलं. "या, लाभार्थी," तो म्हणाला. "आता पाय ठेवायला हरकत नाही."

कौलवाल्याने पाय पुढे टाकला आणि जागच्या जागी थांबला. पुढे पाय ठेवायला काही नव्हतं.

 वकिलाने घड्याळ पाहिलं. पोस्टमनने न्हाव्याकडे, न्हाव्याने आपल्या चपलांकडे पाहिलं. त्याच्या घराची मागची भिंत गेल्याच महिन्यात लिंपून झाली होती. बायको पुढे येऊन काठाशी उभी राहिली, नवऱ्याच्या शेजारी.  

"सगळ्या बाजूंनी गेलेलं आहे," मोजणीदार म्हणाला, "पण हद्दीबाहेर कुठे नाही. चार कोपरे जागेवर आहेत." तो फितीचं टोक दाताखाली धरून काठावरून घसरत खाली उतरला, चालत दुसऱ्या टोकाला गेला, पहारीने तळाला दोन-तीन ठिकाणी टोचून पाहिलं. खडखड आवाज आला. मग त्याने तिथेच उकिडवं बसून वही उघडली.

"लिहू का?" त्याने खालून विचारलं.

"लिहा," बेलीफ म्हणाला.

मोजणीदाराने लिहिलं: क्षेत्र कागदाप्रमाणे बरोबर. खोली नऊ फूट. तळाला मुरूम.